भुतानं घाई करू नये

पहिली गोष्ट, भुतानं घाई करू नये.
एक दार उघडायला दहा मिनिटं घेणारा सिनेमा
मी दुप्पट तिकीट काढून बघेन,
पण पाचव्या मिनिटाला मेकअपसकट
समोर येऊन उभी राहिली बया,
की मी शेंगा सोलायला लागतो.

लागतोच. कोल्हापुरात आम्ही पोरीही
'आलो', 'गेलो' म्हणतो.
त्यामुळं भुताला कळत नाही
ओ दिली ती बाईनं की बाप्यानं.
जुना बंदोबस्त आहे हा आमचा.

आणि ते मांजर.
अंगावर मांजर फेकून घाबरवायचं म्हणजे
पांढऱ्या रश्श्यात मैदा कालवायचा.
दाट दिसतो, जीभ फसत नाही.
व्हायोलिन किंचाळलं की मी ओळखतो,
ह्या माणसाचा स्वतःच्याच काळोखावर भरवसा नाही.

टीव्हीवरच्या मालिकांना सगळे हसतात.
मीही हसतो, पण जरा कमी.
रात्री साडेदहा, शकू पोवारच्या सोप्यात सगळी गल्ली,
विहिरीतून हात वर येणार, आला, आला,
आणि धुण्याची पावडर.
तीन मिनिटं तो हात काठावर
आमच्यासाठी ताटकळत थांबायचा,
आणि मोरीपर्यंत जायची
कुणाची टाप नव्हती.
खरी मालिका तेवढीच.
हडळीचं लुगडं इतकं पांढरं कसं,
त्याचंही उत्तर शकूच्या मते
त्याच पावडरीत होतं.

कॉमिक्स मात्र सगळ्यांच्या वर. वाद घालू नका.
भूत कागदावर, पान तुमच्या हातात.
उलटलं नाही तर ते येणार नाही,
आणि उलटणार तर तुम्हीच.
शुक्रवार पेठेत इलाही मुल्लाणीच्या दुकानात
भिंतभर कॅसेटी आणि खाली, खोक्यात,
आठ आण्याला दिवसभर, ही पुस्तकं.
एकाचं शेवटचं पान फाटलेलं.
चाचा म्हणाले, "चार आणेच दे."
मी अख्खा रुपया ठेवला.
तीस वर्षं झाली. ते कोण होतं, ठाऊक नाही.
जिना चढताना
माझ्या एक पायरी मागं असतं.

म्हणून शेवटी खुलासा करणारे मला चालत नाहीत.
सून जाळली, म्हणून सून आली,
हाडं सापडली, पिंड ठेवला, कावळा शिवला, शांत.
असा हिशेब असतो होय?
भाजलेल्यांच्या वॉर्डात मी बारा वर्षं रात्रपाळी केली.
परत कुणी आली नाही.
येतो तो नवरा, सही करायला.
स्टो भडकला म्हणतो,
आणि पेन उलटं धरतो.
मागं कसलंही संगीत नसतं.

पुराचं पाणी तसं जातिवंत.
ना आवाज, ना मांजर.
एकेक पायरी घेत
चाचांच्या उंबऱ्याशी यायला त्यानं दोन दिवस लावले.
मी असतो दिग्दर्शक, तर असंच आणलं असतं,
असं तेव्हा मनात आलं,
आणि माझी मलाच किळस आली.

पाणी उतरल्यावर गेलो तर
चाचांनी कॅसेटी फोडून आतल्या फिती
गल्लीभर दोरीवर वाळत टाकलेल्या.
काळे, लांब, चिखल निथळणारे केस,
ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
पोरं पलीकडून वळसा घालून जात होती.
"वाळल्यावर चालतील का हो?"
"चालत नसत्यात," चाचा म्हणाले,
"पण कचऱ्यात टाकवंना."

मी वाकून खालून निघालो.
एक फीत मानेवर बसली. गार.
छत्तीस वर्षांची बाई, सरकारी नोकर,
चप्पल तिथंच टाकून पळालो.

मागून चाचांचा आवाज,
"रुपया ठेवून जा की गं!"